तुसातली ओल

सोमवारी सकाळी माझ्या जाकिटाच्या बाहीतून एक चिलट बाहेर आलं आणि समोरच्या फायलीवर चालू लागलं. आमचं ऑफिस आठव्या मजल्यावर आहे. खिडक्या उघडत नाहीत, हवा यंत्रातून येते, कुंड्यांतली झाडं प्लास्टिकची आहेत. ताइपेच्या या भागात चिलटाला जगायला काही कारणच नाही. ते कुठून आलं हे मला बघताक्षणी कळलं, आणि कळल्याबरोबर मी त्याच्यावर अंगठा दाबला. कागदावर पेन्सिलीच्या रेघेएवढा करडा डाग राहिला. पलीकडच्या टेबलावरच्या शू बाईंनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या. मी डाग खोडायला गेले तर तो पसरला. एवढंच झालं, पण त्यानंतर मला एक ओळ वाचता येईना. काहीतरी राहिलंय असं वाटायला लागलं, गॅस चालू राहिलाय किंवा कुलूप लावायचं राहिलंय, तसं. गॅस बंद केलेला मला आठवत होता. कुलूप ओढून बघितलेलंही आठवत होतं. मी बोटं नाकाशी नेली. दोनदा आंघोळ करूनही त्यांना रविवारचा तो कडू, मातकट वास येत होता.

मी विमा कंपनीत दावे तपासते. अठरा वर्षं हेच करतेय. कुणाची टाकी फुटते, कुणाचं दुकान भिजतं, कुणी जिन्यावरून पडतं, आणि ते सगळं कागद होऊन माझ्याकडे येतं. मला ठरवायचं असतं ते एकच : हे झालं, की होऊ दिलं. झालं असेल तर एक छोटं वाक्य लिहायचं. होऊ दिलं असेल तर जरा लांब लिहायचं, 'दावेदारास परिणामाची पूर्वकल्पना असल्याचे दिसते.' लोक, मला वाटतं, तेवढे खोटारडे नसतात. बहुतेकांना स्वतःलाच धड माहीत नसतं. गच्चीवरच्या टाकीला गेलेला तडा त्यांनी पाहिलेला असतो, आणि पाहून ते खाली जेवायला गेलेले असतात. मग मी त्या दिवसांतला एखादा फोटो मागवते. वाढदिवसाचा, पाहुण्यांचा, कसलाही. त्यात मागे कुठेतरी टाकी असते आणि तिच्यावर तडा असतो. त्या दिवशी माझ्यासमोर टाकीचीच फाईल होती, चिलट तिच्यावरच मेलं.

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. डोंगशानच्या बाहेर, भातखाचरांच्या कडेला आमचं घर आहे. स्वयंपाकघराच्या मागे बाबांनी स्वतः बांधलेलं बदकांचं खुराडं आणि त्याच्या पलीकडे पाटाचं पाणी अडवून केलेलं एक लहानसं तळं. बदकं अकरा, अंडी देणारी, तपकिरी, अंगानं बारीक. माझा मोठा भाऊ झेनमाओ ताइचुंगला असतो आणि सगळं आधीच ठरवून येतो. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकल्यावर जेवता जेवता त्याने आईला सांगितलं की आता एकटीने राहायचं नाही, युएश्याकडे जायचं. युएश्या म्हणजे मी. वय चव्वेचाळीस, लग्न नाही, दोन खोल्यांत एकटी राहते. माझ्याकडे जागा आहे हे सगळ्यांनी परस्परच मान्य करून टाकलं होतं. आईने घास गिळला आणि विचारलं, बदकांचं काय? दादा म्हणाला, देऊ कुणाला तरी. तेव्हा आई म्हणाली, "त्यांची बदकं मी कुणाच्या पातेल्यात द्यायची नाही. ती आहेत तोवर मी इथे. ती संपली की मला कुठेही न्या आणि कपाटात ठेवा." दादाने मान हलवली. तोच करार झाला. तेव्हापासून दर सोमवारी संध्याकाळी तो मला फोन करतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, बदकं आहेत का अजून. गमतीनेच विचारतो. मीही गमतीने सांगते, आहेत. आणि दर शनिवारी सकाळची बस पकडून मी डोंगशानला जाते, रविवारी उशिरा परत येते, सोमवारी आठव्या मजल्यावर जाऊन बसते. पाच महिन्यांत मी एक शनिवार स्वतःच्या अंथरुणात उजाडलेला पाहिला नव्हता. मला आईचा कंटाळा आला नव्हता. शनिवारचा आला होता. पण आई आणि शनिवार वेगळे काढता येत नव्हते.

मे महिन्यात ती चिकट, पावसाळी हवा आली तशी खुराड्यात चिलटं झाली. बाबांच्या वेळी ती नव्हतीच असं नाही, पण बाबा म्हणायचे, चिलटांशी भांडू नये, ओलीशी भांडावं. खुराड्यात भाताचं तूस पसरलेलं असतं. बाबा ते दर तिसऱ्या दिवशी फावड्याने उलटत, खालचा ओला थर घमेल्यात भरून केळीच्या बुंध्याशी टाकत, वर कोरडं तूस आणि मूठभर राख. पाण्याचा टब खुराड्यात कधीच नसे. तो बाहेर, दगडांवर टाकलेल्या फळ्यांवर असे, म्हणजे बदकांनी कितीही पाणी उडवलं तरी खाली निथळून जाईल. आईच्या गुडघ्याला फावडं झेपेना. बाहेर टब भरायला निसरड्या दगडांवरून जावं लागे, म्हणून तिने तो ओढत खुराड्याच्या दारातून आत घेतला. आता स्वयंपाकघराच्या पायरीवर उभं राहूनच नळीने भरता येई. "तुला नवरा नाही, मला गुडघा नाही," ती म्हणाली, "बदकांनीच तेवढं ऐटीत का राहायचं?" मी हसले होते. महिन्याभरात तुसाचा खालचा थर काळा पडला. पाय ठेवला की त्यातून पाणी यायचं. दार उघडलं की आधी चिलटांचा लोट अंगावर यायचा, मग बदकं. तोंड उघडायची सोय नव्हती. चिलटं बदकांच्या डोळ्यांच्या कडांना बसलेली असत, आणि बदकं माना झटकत, डोळे पंखांवर घासत. एक लंगडी होती, तिचा उजवा डोळा चिकटून बंदच झाला होता, तो आई रोज कोमट चहाने धुवायची. बाहेर भिंतीवरच्या शेवाळात दुसऱ्या जातीची चिलटं होती, चावणारी, काळी, डोळ्याला न दिसणारी. आईच्या पोटऱ्या फोडांनी भरल्या होत्या. उपाय मला ठाऊक होता. फावडं कोपऱ्यात उभंच होतं. तीन शनिवार मी त्या फावड्याकडे बघितलं आणि पुढच्या शनिवारी करू म्हणून आत जाऊन पंख्याखाली आडवी झाले.

मग या शनिवारी शेजारच्या लान काकू आल्या. चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्यातला सण पुढच्या आठवड्यात होता. घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं असलं की त्या सणाचा भात घरी बांधायचा नसतो, शेजाऱ्यांनी आणून द्यायचा. म्हणून त्या बांबूच्या पानांत बांधलेल्या भाताच्या पुरचुंड्यांचा घोस दोरीला धरून आल्या होत्या. आईने तो दाराला अडकवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. दर वर्षी ती दीडशे बांधायची. काकूंनी पोटऱ्या बघून विचारलं आणि उपाय सांगितला : पेंड. कडू चहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरते ती पेंड. "भिंतीच्या कडेकडेनं शेवाळावर टाका," त्या म्हणाल्या. "चावणारी त्या शेवाळातच वाढतात. आठ दिवसांत पळतील. आमच्याकडे बघा, औषधाला नाही एक." आई म्हणाली, "तुमच्याकडे कशी असतील? सगळी आमच्याकडे आलीत. दुःखाचं घर, लोक भेटायला येतातच." काकू हसल्या नाहीत, मग हसल्या. रविवारी सकाळी मी सायकलवरून जाऊन एक पोतं आणलं. भिंतीच्या कडेने टाकलं, दगडांवर टाकलं, शेवाळ जिथे जिथे हिरवं दिसलं तिथे टाकलं. त्याला अर्धं पोतंसुद्धा लागलं नाही. उरलेलं घेऊन मी खुराड्यात शिरले. बदकं तळ्यावर होती. नाकाला रुमाल बांधून मी ओल्या तुसावर पेंड पसरायला लागले, मुठीने नव्हे, पोतं तिरपं धरून. आईने पायरीवरून विचारलं, "आत पण?" मी म्हटलं, "आत पण. वाचलंय मी." मी कुठेही काही वाचलं नव्हतं.  आईने नळी गुंडाळून खुंटीला लावली आणि ती आत गेली.

फाईल मिटून मी जेवायला उठणार एवढ्यात आईचा फोन आला. आई ऑफिसच्या वेळेत फोन करत नाही. बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हासुद्धा तिने सहा वाजेपर्यंत वाट पाहिली होती. आता तिचा श्वास लागलेला होता आणि मागे बदकांचा कालवा ऐकू येत होता. ती म्हणाली, "बदकं बुडतायत." मला वाटलं, पाटाला पूर आला. म्हटलं, पाणी चढलंय का? "पाणी आहे तेवढंच आहे. बदकं बुडतायत." सकाळी सोडली तेव्हाच ती जडशी चालत होती, तिने सांगितलं, पोटाखाली ओली. खुराड्यातल्या टबात सगळा फेस झाला होता, त्याच फेसात रात्री त्यांनी खेळ केला असणार. तळ्यात उतरली आणि नेहमीसारखी तरंगलीच नाहीत. मागची बाजू खाली गेली, पंख पाण्यावर आपटायला लागली. दोन गेली. बाकीची तिने ओढून काढली. "ओढून कशी काढलीस?" मी विचारलं, आणि ती म्हणाली, "आत जाऊन." त्या गुडघ्याने ती शेवाळलेल्या काठावरून कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. मी म्हटलं, येते. नेहमी ती म्हणते, काम असेल तर नको येऊस. या वेळी ती फोन तसाच चालू ठेवून बदकांकडे गेली, आणि मी मिनिटभर आठव्या मजल्यावर उभी राहून त्यांचं ओरडणं ऐकत राहिले. मग शू बाईंना सांगितलं की घरी अडचण आहे. त्यांनी विचारलं, आईची तब्येत? मी म्हटलं, नाही, बदकं. 

फोन ठेवतानाच मला ते पिल्लू आठवलं. किंवा बसमध्ये आठवलं. नक्की कधी, हे मी तेव्हापासून ठरवायचा प्रयत्न करतेय. मी नऊ वर्षांची होते. तेव्हा घरात भांडी त्याच पेंडीच्या पुडीने घासत. रिठ्यासारखा बारीक फेस यायचा आणि डुकराच्या चरबीचं कढलंसुद्धा असं स्वच्छ व्हायचं की बोट लावलं तर कुरकुर वाजायचं. माझ्या बोटांची सालं निघत. एक दिवस भांडी घासून झाल्यावर उरलेल्या फेसात मी बदकाचं एक पिल्लू धुतलं. ते चिखलात लोळून आलं होतं आणि मला ते पिवळं हवं होतं. छान पिवळं झालं. मग मी ते टबात सोडलं, तर ते थोडा वेळ पाय मारत राहिलं आणि माझ्याकडे बघत बघत खाली गेलं. ओरडलंसुद्धा नाही. बाबांनी हात घालून ते काढलं, झटकलं, आणि सदऱ्याची बटणं सोडून पोटाशी धरलं. दुपारभर ते तसेच बसून होते, सदऱ्याला मधोमध एक फुगवटा. मला मार बसेल म्हणून मी केळीमागे लपले होते. त्यांनी मारलं नाही. संध्याकाळी हाक मारून म्हणाले, "बदकाला धुवायचं नसतं, पोरी. त्याचं तेल त्याचं असतं." मग तो फुगवटा हलला आणि मी रडले. हे सगळं मला इतकं स्वच्छ आठवत होतं, बटणांचा रंगसुद्धा, की ते काल आठवलं नव्हतं यावर माझा विश्वास बसेना. पस्तीस वर्षं ते कुठे गेलं नव्हतं. काल सकाळी दहा वाजता ते कुठे होतं?

बस बोगद्यात शिरली. बोगदा लांब आहे, मोबाईलवर बोलणारेही त्यात गप्प होतात, काचेत फक्त आपलं तोंड दिसत राहतं. मी स्वतःला दावेदारासारखी समोर बसवली. तुम्हाला पेंडीचा गुण माहीत होता का? होता. बदकाच्या पिसांचा गुण माहीत होता का? होता. दोन्ही एकत्र आणून विचार केला होता का? इथे दावेदार नेहमी म्हणतात, तसं सुचलंच नाही हो. आणि मी लिहून घेते. मी फोटो शोधायला लागले, रविवारचा. मला तो सापडावा असं वाटत नव्हतं, पण शोधायची सवय सुटत नाही. खुराडं, रुमाल, चिलटं कपाळावर, घाम. पोतं तिरपं. आणि टबाची खालची कडा. टब गळतो, त्याच्या बुडाशी नेहमी पाणी साठलेलं असतं, आणि पेंड त्या पाण्यात पडली तेव्हा तिथे पांढरा फेस आला होता. मी तो पाहिला होता. पाहून थांबले होते. पोतं हातात जड होतं, अजून निम्मं बाकी होतं. बाहेर आई उभी होती. त्या थांबण्यात मी काय विचार केला ते मला आठवत नाही, पण त्यानंतर मी काय केलं ते आठवतं. मी उरलेलं पोतं उपडं केलं आणि तळाशी चिकटलेली पूड निघावी म्हणून वरून दोन थापा मारल्या. त्या थापा माझ्या तळहातांना जाणवायला लागल्या. बोगदा संपून उजेड आला तेव्हा शेजारच्या बाईने मला पाण्याची बाटली देऊ केली. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे.

घरी पोचले तेव्हा तीन वाजले होते. बदकं बाहेरच्या खोलीत होती, पूर्वजांच्या पूजेच्या फळीखाली, बाबांच्या फोटोखाली, सगळ्या टॉवेलांवर. नऊ. पिसं अंगाला चिकटून ती अर्धी झाली होती, मानेची हाडं दिसत होती, थरथरत होती आणि गप्प होती. बदक गप्प बसलं की भीती वाटते. त्यांतली दोन बाबांचे बनियन घालून बसली होती, हातांच्या जागी पंख. आई जमिनीवर पाय लांब करून बसलेली, गुडघा खरबुजाएवढा, मांडीवर लंगडी, आणि हातात केस वाळवायचं यंत्र. तिची स्वतःची पॅन्ट कमरेपर्यंत ओली होती. मी म्हटलं, तू आधी कपडे बदल. ती म्हणाली, मी बुडत नाही. मग मी कामाला लागले. पेंड पिसांत होती तोवर वाळवून उपयोग नव्हता, म्हणून घंगाळभर कोमट पाणी करून एकेकीला धुवायला घेतलं, फेस निघेपर्यंत, मग पुन्हा, मग पुन्हा. बदकाला धुवायचं नसतं हे मला प्रत्येक वेळी ऐकू येत होतं. धुतलेलं बदक मी आईकडे द्यायची, ती पुसून वाळवायची, मग ते एका पिंपात, दिव्याच्या उबेला. पाच वाजले. मधूनच एखादी मान वळवून शेपटीच्या मुळाशी चोच घासायची, तिथे त्यांचं तेल असतं, आणि ती चोच कोरड्या पंखावरून ओढायची. आईने ते बघितलं की तिचा हात थांबायचा. दोन मेलेली तिने ओसरीवर टोपलीखाली झाकून ठेवली होती. चिलटं मात्र जशीच्या तशी होती. दारातून येत होती, दिव्याभोवती फिरत होती, आमच्या डोळ्यांत जात होती. एवढी पेंड टाकून त्यांना काहीच झालं नव्हतं.

मला ते सांगायचं होतं. पण सांगावं तर आईच्या हातात लंगडी होती. शेवटी पाण्याकडे बघतच म्हणाले, "आई, पेंडीने तेल जातं, हे मला माहीत होतं."

यंत्राचा आवाज चालू होता. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मग तिने ते बंद केलं.

"मी नऊ वर्षांची असताना ते पिल्लू," मी म्हटलं.

"मला काय सांगतेस? सदरा मीच धुतला होता." तिने लंगडीचा डोळा अंगठ्याने पुसला. "काल तू पोतं उपडं करत होतीस, तेव्हाच आठवलं मला."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"तुझ्या तोंडाकडे बघितलं," आई म्हणाली. "म्हटलं, हिला सुटायचंय. सुटू दे."

मला राग आला. रडू यायला हवं होतं, पण आधी राग आला, इतका की घंगाळ लाथाडावंसं वाटलं. जे मी स्वतःलाही कळू न देता केलं होतं, ते तिने पायरीवरून बघितलं, समजून घेतलं आणि नळी गुंडाळून आत गेली. माझा गुन्हा तिने मला करू दिला. बाबांची अकरा बदकं तिने माझ्या एका शनिवारासाठी पणाला लावली आणि रात्रभर आपल्या अंथरुणात, खुराड्यापासून वीस पावलांवर, जागी पडून राहिली असणार. मी अठरा वर्षं फोटो तपासते आणि त्या फोटोत मागे उभी असलेली बाई मला दिसली नव्हती. मी म्हटलं, "आणि मग तळ्यात कशाला उतरलीस?" माझा आवाज वाईट निघाला.

 लंगडी तिच्या मांडीवर पाय सारखे करत होती. "मला वाटलं होतं, बघवेल," आई म्हणाली. "तुझ्या बाबांना दवाखान्यात यंत्रावर बघितलं, ते बघवलंच की. पण ही माझ्याकडे बघत बघत खाली गेली. एकाच डोळ्याने. नाही बघवलं." मग तिने यंत्र पुन्हा चालू केलं.

नंतर मी खुराड्यात गेले. फावडं कोपऱ्यातच होतं. तूस आणि पेंड एक होऊन त्याचा चिखल झाला होता, फावडं घातलं की फुसकन फेस यायचा. मी तळापर्यंत सगळं काढलं, घमेल्यामागून घमेलं, पण केळीशी टाकलं नाही, पाटापासून दूर बांधावर नेऊन टाकलं, कारण आता मला प्रत्येक गोष्टीचा पुढचा परिणाम दिसायला लागला होता आणि त्याचा त्रास होत होता. चिलटं नाकात गेली, कानात गेली, एक दातांखाली आलं. पोटऱ्यांना आग लागली. जमीन पाण्याने धुतली, टब बाहेर ओढला, दगडांवर फळ्या बसवल्या. आई दारात खुर्ची घेऊन बसली होती आणि तिथून सांगत होती, फळी उलटी आहे, उतार पाटाकडे नको, तो दगड हलतो, तो तुझ्या बाबांच्या वेळेपासून हलतो. उजेड कमी होत होता तेव्हा मी कोरडं तूस पसरलं आणि वर राख टाकली. हाताने बघितलं. कोरडं होतं. त्या कोरडेपणाचं मला एवढं बरं वाटलं की मी थोडा वेळ तिथेच उकिडवी बसून राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. सोमवार होता. दादा म्हणाला, "काय गं, बदकं आहेत का अजून?"

आई दारात होती. तिने ऐकलं. ती माझ्याकडे न बघता पोटरी खाजवत राहिली. मला दादाला सगळं सांगता आलं असतं, दोन मेली, बाकीची रात्र काढतील की नाही सांगता येत नाही, आईचा गुडघा असा झालाय. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. तेवढ्याने भागलं असतं. सणानंतर तो गाडी घेऊन आला असता आणि आईने एक शब्द न बोलता कपडे बांधले असते, कारण ती बोलली नसती हे आता मला माहीत होतं.

"आहेत," मी म्हटलं.

"किती राहिली?" तो हसत होता.

"आहेत, दादा," मी म्हटलं. "आणि आई इथेच राहणार आहे. तू सणाला येशील तेव्हा गमबूट घेऊन ये."

त्याने विचारलं, गमबूट कशाला. मी सांगितलं, तूस उलटायला, आणि फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत एक बदक ओरडलं, घोगरं, नाखूश, आणि मग आणखी एक. आईने कान दिला.  मग ती म्हणाली, आज टाकलं, आजचा सोडला तर तिसरा दिवस गुरुवार.

मी म्हटलं, हो, गुरुवार.

आईने आयुष्यात मला कधी बोलावलं नव्हतं. बाबा गेले त्या सकाळीसुद्धा ती म्हणाली होती, आता घाई करून काय उपयोग, जेवून निघ. आता ती दाराच्या चौकटीला धरून उठायला लागली, गुडघ्याने तिला अर्ध्यातच थांबवलं, आणि तशीच वाकलेली राहून, जमिनीकडे बघत ती म्हणाली, "गुरुवारी येशील?"

माझ्या मनगटावर एक चिलट बसलं होतं. मी म्हटलं, येईन. म्हणतानाच मला संध्याकाळच्या बसची वेळ आठवली, बोगदा आठवला, टाकीची फाईल आठवली, शुक्रवारी सकाळचं अंथरूण आठवलं, आणि छातीत ते जुनंच ओझं परत येऊन बसलं. ते कुठेही गेलं नव्हतं. मी हात झटकला आणि आईला उठवायला गेले.